शेवटच्या पानापर्यंत मळलेली पुस्तकं

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: स्वतःला घडवायचंय, धंदा नीट करायचाय, कुठलं पुस्तक घेऊ? उत्तर देण्याआधी माझा पाया सांगते. तासगावात मी २३ वर्षं वाचनालय चालवलं. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी त्याची पानं चाळायची मला सवय होती. यशाची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकांची पहिली साठेक पानं मळकी असत आणि पुढची कोरी करकरीत. चरित्रं, आत्मचरित्रं मात्र शेवटच्या पानापर्यंत मळून यायची. कुठे चहाचा डाग, कुठे हळदीचं बोट, बेदाण्याच्या सौद्यावरून थेट आलेल्या सभासदाच्या हाताचा चिकटा. खालची उत्तरं मी त्या डागांवर विसंबून देते आहे.

"बाई, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. शिक्षण संपवून धंद्यात उतरलेल्या माझ्या सात विद्यार्थ्यांना मराठी पुस्तकं भेट द्यायची आहेत. इंग्रजी त्यांना जड जातं. काय देऊ?" (जत)

सर, सातही जणांना एकच पुस्तक देऊ नका. वेगवेगळी द्या, म्हणजे ती आपसांत फिरतील.

पहिलं 'यांत्रिकाची यात्रा', लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना बढती डावलली गेली म्हणून हा माणूस नोकरी सोडून बेळगावला आला आणि भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवू लागला. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. माल चांगला असूनही गिऱ्हाईक भीतीपोटी हात लावत नाही, हा अनुभव तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात येणारच आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० साली निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. ती किर्लोस्करवाडी आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. जमलं तर पुस्तक देण्याआधी सातही जणांना तिथे एकदा घेऊन जा.

दुसरं, 'अमूल' उभं करणाऱ्या डॉ. व्हर्गीस कुरियन यांच्या आत्मकथनाचा मराठी अनुवाद, 'माझंही एक स्वप्न होतं'. माझ्या वाचनालयात याच्या दोन प्रती झिजल्या. १३ मे १९४९ रोजी हा तरुण इंजिनिअर गुजरातेतल्या आणंदला उतरला तो सरकारी शिष्यवृत्तीच्या करारापोटी, नाइलाजाने. एकटा, ख्रिस्ती, मांसाहारी, म्हणून भाड्याने घर मिळेना, तेव्हा एका गॅरेजमध्ये राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते. कुरियनचे मित्र दलाया यांनी रंग मारायचा फवारा आणि गरम हवेचं साधं यंत्र जोडून ती करून दाखवली. हे वाचून एक द्राक्ष बागायतदार माझ्यासमोर बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. मग म्हणाले, "आणखी आठ दिवस राहू दे माझ्याकडे." दंड घेतला नाही मी.

तिसरं, हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांचं 'इडली, ऑर्किड आणि मी'. भाषा सोपी, वेग चांगला. ज्याला वाचायची अजिबात सवय नाही, त्याला हे द्या.

"काकू, माझं वय २६. घरचे २४ यंत्रमाग आहेत, खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, कापड विणतो. दोन वर्षांत स्वयंविकासाची १४ पुस्तकं वाचली. वाचताना अंगात बळ येतं, आठवड्यात उतरतं. पंधरावं कुठलं वाचू?" (इचलकरंजी)

तुला अरे म्हणते, राग मानू नकोस. पंधरावं पुस्तक सहा महिने घेऊ नकोस. तू आळशी नाहीस. आळशी माणूस १४ पुस्तकं वाचत नाही. पण त्या चौदांपैकी एकालाही तू तुझ्या शेडमध्ये नेलेलं नाहीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात पुस्तकांची १४ नावं आहेत, पण गेल्या महिन्यात किती माग किती दिवस बंद होते, तो आकडा नाही.

म्हणून एका इंग्रजी पुस्तकाचं फक्त एक प्रकरण सांगते. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांचं 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह', १९६७ चं. त्यातलं दुसरं प्रकरण वेळेवर आहे. त्यात एका कंपनीच्या अध्यक्षाची हकिकत येते. आपला वेळ आपण तीन भागांत वाटतो, एक भाग वरिष्ठ सहकाऱ्यांना, एक महत्त्वाच्या ग्राहकांना, एक समाजकार्याला, अशी त्या गृहस्थाची पक्की खात्री होती. सहा आठवडे प्रत्यक्ष नोंद ठेवली, तेव्हा या तिन्हींत जवळजवळ काहीच वेळ जात नव्हता. सारा दिवस ओळखीच्या ग्राहकांच्या मालाचा पाठपुरावा करण्यात आणि त्यासाठी कारखान्यात फोन करण्यात जात होता. आधी त्यांचा नोंदीवर विश्वासच बसेना.

तू तेच कर. शाळेची दोनशे पानी वही घे. सकाळी शेडमध्ये पाय ठेवल्यापासून दर अर्ध्या तासाला एक ओळ लिही: जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट पाहिली, सायझिंगवाल्याकडे (सुताला खळ लावणाऱ्याकडे) बीमसाठी, म्हणजे ताण्याच्या रुळासाठी, बसलो, मोबाईल बघितला, चुलत्यांशी वाद झाला. रात्री आठवून लिहू नकोस, त्या त्या वेळी लिही. आठवणीतून लिहिलेल्या वेळेवर भरवसा ठेवू नका, असं ड्रकर बजावून सांगतात. तीन आठवडे झाले की लाल पेनने खुणा कर.

आणि झोपण्याआधी पैशाची वही. गांधीजींच्या 'सत्याचे प्रयोग'मध्ये लंडनमधल्या विद्यार्थिदशेचं वर्णन आहे. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्राचे एक-दोन पेन्स, सगळं लिहून ते रोज रात्री शिल्लक जुळवायचे. पुढे लाखोंचा सार्वजनिक पैसा हाताळताना तीच सवय कामी आली, असं त्यांनी स्वतः नोंदवलंय. तू खर्चीवर काम करतोस, म्हणजे तुझा सगळा नफा मजुरीच्या काही पैशांत अडकलेला आहे. तुझ्याइतकी या वहीची गरज फार थोड्यांना असेल.

सहा महिन्यांनी दोन्ही वह्यांत जे दिसेल, ते मला कळव. उधारी अडकत असेल तर वेगळं पुस्तक लागेल, माणसं टिकत नसतील तर वेगळं. तेव्हा मी आनंदाने पंधरावं नाव सांगेन.

"मॅडम, मी एमबीएला आहे. जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट' आम्हाला वाचायला सांगितलंय. त्यावर कितपत विश्वास ठेवावा?" (पुणे)

जरूर वाच, पण तारीख बघून वाच. पुस्तक २००१ चं आहे. चांगल्याच्या उत्तम झालेल्या ११ कंपन्या त्यात निवडल्या आहेत आणि तुलनेसाठी दुसऱ्याही घेतल्या आहेत. मेहनत खरी आहे. पण त्या अकरांपैकी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांच्या अमेरिकी साखळीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि गृहकर्जांना पैसा पुरवणारी फॅनी मे त्याच वर्षी सरकारी नियंत्रणाखाली गेली. म्हणजे पुस्तकातले गुण खोटे ठरले असं नव्हे. जिंकलेल्यांकडे मागे वळून पाहिलं की त्यांची प्रत्येक सवय विजयाचं कारण वाटू लागते, आणि त्याच सवयी असूनही बुडालेल्यांची गोष्ट लिहायला सहसा कोणी जात नाही. कॉलिन्स मात्र त्या वाटेला वळले, हे त्यांचं मोठेपण. मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर त्यांनी २००९ मध्ये 'हाऊ द मायटी फॉल' लिहिलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाच.

हे मी पोटतिडकीने सांगते आहे. यशस्वी दुकानांच्या साखळ्यांच्या कथा वाचून २००६ साली मी शेजारच्या गावात वाचनालयाची दुसरी शाखा काढली होती. १४ महिन्यांत बंद केली, ९१ हजार रुपये गेले. बंद पडलेल्या एखाद्या शाखेची गोष्ट तेव्हा कुणी माझ्या हाती ठेवली असती, तर मी आधी भाडं आणि सभासदसंख्या मांडून पाहिली असती.

"दहा मिनिटांचे सारांश ऐकून भागतं का?" (नवी मुंबई)

पुस्तक निवडायला, हो. त्याच्या जागी, नाही. सारांशात 'म्हशीच्या दुधाची भुकटी झाली' एवढंच उरतं, दलायांचा रंगाचा फवारा गळतो. आणि अडचणीत सापडल्यावर माणसाला आठवतो तो फवारा.

"ताई, दीड वर्षापूर्वी मिस्टर गेले. त्यांचं रंगाचं दुकान मी चालवते. कंपनीचे लोक येतात आणि माझ्याशी न बोलता पुतण्याशी बोलतात. हिशोब सीए बघतात, मी सही करते. मला धीर येईल असं काही सांगा. इंग्रजी सावकाश वाचता येतं." (चिपळूण)

तुमचं पत्र आठवडाभर टेबलावर होतं. सांगते ते पुस्तक जाडजूड आहे, पण तुमच्यासाठी मला दुसरं सुचत नाही. कॅथरीन ग्रॅहम यांचं 'पर्सनल हिस्टरी', १९९७ चं. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. १९६३ साली त्यांच्या पतीने आत्महत्या केली आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राचा भार त्यांच्यावर येऊन पडला. त्या श्रीमंत घरातल्या, अमेरिकेतल्या. परिस्थिती तुमच्यासारखी मुळीच नाही. पण बैठकीत सगळे पुरुष, आपण एकटी, आणि आपल्याला काहीच कळत नाही ही पोटातली भीती त्यांनी इतकी उघडपणे लिहिली आहे की वाचताना तुम्हाला सोबत वाटेल. चार शब्द बोलायचे तरी त्यांना धडकी भरायची. याच बाईंनी १९७१ मध्ये सरकारचा रोष पत्करून व्हिएतनाम युद्धावरचे पेंटॅगॉनचे (अमेरिकी संरक्षण खात्याचे) गुप्त कागद छापायचा निर्णय दिला. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे संचालक मंडळावर आले, तेव्हा ते येताना कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणायचे आणि ओळीओळीने त्यांना समजावायचे. पन्नाशी उलटलेली, एवढ्या मोठ्या वृत्तपत्राची मालकीण ताळेबंद वाचायला शिकत होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

रोज पाच पानं वाचा. पण त्याच्या आधी सीएंकडे एक तास मागून घ्या. पैसे द्या हवं तर. गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद समोर ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा: उधारी किती आणि कोणाकडे, किती माल वर्षभर हलला नाही, कंपनीचं देणं किती दिवसांचं आहे. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून गल्ल्याशेजारी ठेवा. पुढच्या खेपेला कंपनीचा माणूस पुतण्याकडे वळला की तुम्हीच विचारा, मागच्या स्कीमची सूट अजून खात्यात का जमा झाली नाही. पुतण्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की उत्तर तुम्ही देणार आहात.

पाचशेच्या वर पानं आहेत, वर्ष लागलं तरी चालेल. विकत घेणं परवडत नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, माझी प्रत पोस्टाने पाठवते. पेन्सिलीच्या खुणा आहेत तिच्यात, त्या तशाच राहू द्या.