इको-सॉल्व्हंट प्रिंटरसाठी यूपीएस किती क्षमतेचा आणि कोणत्या प्रकारचा घ्यावा?

व्हिनाइलचे फलक छापणारा इको-सॉल्व्हंट प्रिंटर अर्धा तास पूर्णपणे चालेल एवढा मोठा यूपीएस घ्यावा की घरगुती इन्व्हर्टरवर भागेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते क्षमता ठरवण्याआधी वीज गेल्यावर नेमके काय वाचवायचे आहे हे ठरवावे. अर्धवट राहिलेला फलक पुन्हा छापता येतो, पण हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, खराब झाले तर त्याचा खर्च कित्येक फलकांच्या कमाईपेक्षा जास्त असतो.

छपाई चालू असताना वीज गेली की कॅरेज (हेड इकडून तिकडे नेणारा भाग) वाटेत जिथे असेल तिथेच थांबते. हेड कॅपिंग स्टेशनच्या (काम नसताना हेड झाकून ठेवण्याच्या जागेच्या) रबरी कडेवर बसलेले नसल्यामुळे नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रे, उघडी राहतात आणि खालचा प्लॅटन (मीडिया, म्हणजे छपाईचे व्हिनाइल, ज्यावरून सरकते तो पृष्ठभाग) गरम असल्याने त्यांतली शाई लवकर सुकू लागते. त्यातच मीडिया खाली धरून ठेवणारा पंखा बंद पडतो, म्हणून गरम झालेल्या व्हिनाइलच्या कडा वर उचलल्या जातात. वीज परत आल्यावर कॅरेज जागेवर जाऊ लागते, तेव्हा हेड या उचललेल्या कडेवर घासण्याची भीती असते. यूपीएस हवा तो मुख्यतः या प्रसंगासाठी: चालू काम थांबवून किंवा संपवून हेड कॅपवर नेण्याइतका वेळ खात्रीने मिळावा म्हणून. त्याला पंधरा-वीस मिनिटे बहुधा पुरतात. त्यापुढे काम चालू ठेवायचे असेल तर ते जनरेटरकडे सोपवावे.

आता भार मोजू. सर्वांत जास्त वीज हीटर आणि ड्रायर घेतात. हेड, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना त्या मानाने बरीच कमी लागते. काही यंत्रांत ड्रायरची वायर वेगळी असते. तशी असल्यास ती थेट मुख्य विजेवर ठेवावी आणि उरलेले यंत्र यूपीएसवर घ्यावे. वेगळी नसल्यास यंत्राच्या आत फेरफार करू नयेत, पूर्ण भार धरूनच यूपीएस निवडावा. माहितीपत्रकातील आकड्यावर विसंबण्यापेक्षा यंत्र गरम होत असताना आणि प्रत्यक्ष छपाई चालू असताना, अशा दोन्ही वेळी क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून घ्यावा. रिपचा (फाइल प्रिंटरला समजेल अशी करून पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संगणक आणि नेटवर्क स्विच याच यूपीएसवर हवेत, कारण डेटा मध्येच तुटला तर प्रिंटर चालू असूनही काम अडते. लॅमिनेटर (छापलेल्या फलकावर संरक्षक थर चढवणारे यंत्र) मात्र यावर मुळीच लावू नये.

यूपीएसवरचा व्हीए (व्होल्ट-आम्पिअर) हा आकडा म्हणजे वॅट नव्हे. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी किती भाग वॅट म्हणून मिळतो ते प्रमाण) ०.८ असेल तर १,००० व्हीएच्या यूपीएसवर ८०० वॅटपर्यंतच भार चालतो, आणि त्यातही पाव भाग मोकळा ठेवलेला बरा. बॅटरीचा हिशेबही फसवा असतो. ५०० वॅटचा भार २० मिनिटे चालवायला सुमारे १६७ वॅट-तास लागतात. पण शिसे-आम्लाच्या बॅटरीवर छापलेली क्षमता ती दहा किंवा वीस तासांत सावकाश रिकामी होईल असे धरून दिलेली असते आणि एवढ्या घाईने वापरल्यास तिच्यातली जवळपास निम्मीच हाती लागते. म्हणून १२ व्होल्ट, १८ आम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे कागदावर ४३२ वॅट-तास, हा मला योग्य अंदाज वाटतो. त्या ड्रायरच्या उष्ण हवेपासून दूर ठेवाव्यात. तापमान २५ अंशांच्या वर सुमारे १० अंशांनी सतत जास्त राहिले तर अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते.

प्रकाराबाबत मी ठामपणे ऑनलाइन, म्हणजे डबल कन्व्हर्जन यूपीएस सुचवीन. त्यात यंत्र सदैव इन्व्हर्टरवरच चालत असल्याने वीज जाताना खंड पडत नाही आणि बाहेरच्या व्होल्टेजचे चढउतारही यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पाडतो, आणि स्वस्त प्रकारांत तर शुद्ध साइन वेव्हही मिळत नाही. कॅरेजच्या हालचालीवर अचूकता अवलंबून असलेल्या यंत्राला मी तो लावणार नाही. जनरेटर असल्यास इनपुट फ्रीक्वेन्सीची मर्यादा सैल असलेला यूपीएस घ्यावा, नाहीतर तो जनरेटरची वीज नाकारून बॅटरीच संपवत राहतो. अर्थिंग मात्र वेगळे तपासून घ्यावे, कारण त्यातला दोष यूपीएसने झाकला जात नाही.

पांढरी शाई वापरत असाल तर रात्री यंत्र मुख्य स्विचने बंद करू नये. शाई ढवळणे आणि ठरावीक वेळची स्वच्छता यांना वीज लागते. जोडणी झाल्यावर चाचणीची छपाई चालू असताना मुख्य ब्रेकर स्वतः पाडून पाहावा: काम न अडता चालले पाहिजे, आणि ते थांबवल्यावर हेड कॅपवर नीट बसले पाहिजे. ही चाचणी दर काही महिन्यांनी पुन्हा करावी, कारण बॅटरी कमजोर होत चालल्याचे एरवी कळत नाही.