एकच जनुक, दोन पत्ते

प्रश्न : मॅडम, इ. कोलाय या जिवाणूच्या गुणसूत्रात मी जीएफपीचं (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं) जनुक दोन वेगवेगळ्या जागी घातलं. प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) तोच, सिक्वेन्सिंगही (डीएनएचा क्रम वाचणं) करून घेतलं. तरी प्लेट रीडरवर (प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) एका स्ट्रेनची (वाणाची) चमक दुसरीच्या वीसपट येते. गाइड म्हणतात, ‘तुझ्या हातातच घोळ आहे.’ खरंच का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सिक्वेन्सिंग केलंस ना? मग हाताला लगेच बोल लावू नकोस. त्या दोन जागा नकाशावर कुठे येतात ते आधी बघ.

इ. कोलायचं गुणसूत्र गोल, सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचं. त्याची नक्कल ‘ओरी’पाशी सुरू होते, दोन्ही बाजूंनी पुढे सरकते आणि समोर ‘टर’पाशी संपते. याला साधारण ४० मिनिटं लागतात. पण एलबी या पोषक माध्यमात, ३७ अंशांवर हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो! वर्गात हा हिशेब मांडला की दरवर्षी कुणीतरी हात वर करायचंच. मेख अशी, की पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत पुढची सुरू झालेली असते. लेक जन्मायच्या आधीच नातीची तयारी. म्हणून ओरीजवळच्या जनुकाच्या प्रती टरजवळच्यापेक्षा चौपटीपर्यंत जातात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसाठी लागणाऱ्या आरएनएच्या सात ऑपेरॉनांपैकी (जनुकांच्या गटांपैकी) चार ओरीच्या आसपास आहेत, ते उगाच नाही.

पण चौपटीने तुझी वीसपट भरत नाही. उरलेला फरक शेजाराचा, म्हणजे जनुकाच्या आसपासच्या डीएनएचा. ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेल्या (एटी-बहुल) पट्ट्यांवर एच-एनएस हे प्रथिन ठाण मांडून बसतं. तिथे जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला शिरकावच मिळत नाही, प्रमोटर कितीही जोरकस असो. २०१४मध्ये इ. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनवरचं काम प्रसिद्ध झालं, त्यात निव्वळ जागा बदलल्याने फरक सुमारे ३०० पटींपर्यंत गेला होता. तुझे वीस त्यापुढे काहीच नाहीत. (हे गाइडना जरूर दाखव, पण चहाच्या वेळी.)

आता दोन्ही स्ट्रेन एम-९ ग्लिसरॉल या तुटपुंज्या माध्यमात वाढव. वाढ मंदावली की प्रतींचा फरक दीडेकपटीवर येतो. तरीही मोठी तफावत राहिली, तर एच-एनएस नसलेल्या स्ट्रेनमध्ये त्याच दोन जागी जनुक घालून बघ; तफावत घटली, तर कारण शेजारच.

आणि प्रती क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजायच्या पद्धतीने) मोजशील तेव्हा डीएनए ओडी (गढूळपणा) ०.४च्या सुमाराच्या, म्हणजे अजून वाढत असलेल्या कल्चरमधून काढ. मी एकदा रात्रभर वाढलेल्या कल्चरमधून काढला होता. वाढ थांबली की सुरू असलेल्या नकला पुऱ्या होतात, ओरी आणि टर बरोबरीत येतात. फरक दिसेना म्हणून मी दोन आठवडे प्रायमर (क्यूपीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलत बसले होते.