प्रश्न तुमचे: पोरांना माईक द्या, पण वाचन आधी द्या

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यात. मुलगी आठवीत आहे, इंग्लिश मीडियम, शाळेत कन्नड पण आहे, घरी मात्र आम्ही मराठीच बोलतो. मागे एका रविवारी मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) तिला बायबलमधलं दुसरं वाचन करायला सांगितलं, ती ‘थेस्सलनीकाकरांस’ या पत्राच्या नावावर दोनदा अडकली आणि मागच्या बाकावरची पोरं हसली. आता चर्चलाच यायला नको म्हणते. त्यात सासूबाई म्हणतात, मुलींनी वेदीजवळ जायचंच कशाला? काय करू?
– एक आई

उत्तर: आधी मला हे सांगा, वाचनाचा कागद तिच्या हातात पडला कधी? मिस्साच्या पाच मिनिटं आधी सॅक्रिस्टीच्या (फादर तयार होतात त्या खोलीच्या) दारात पडला असेल तर मग ती अडकली यात नवल काय, मी पण अडकले असते. रविवारची वाचनं कोणी आयत्या वेळी ठरवत नाही हो, तीन वर्षांचं चक्र आधीच ठरलेलं असतं, अ, ब आणि क, त्यामुळे पुढच्या महिन्याचं वाचन आज काढून देता येतं. हे काम मोठ्यांचं आहे आणि ते करत नाहीत, सरळच सांगते.

आणि आपल्याकडच्या पोरांची गोष्ट वेगळीच आहे की. बोलायला मराठी, पेपर इंग्लिशमध्ये, पाट्या कन्नडमध्ये, देवनागरीशी गाठ पडते ती कधीतरी, आणि एकदम बायबलमधली संत पौलाची पत्रं समोर येतात ज्यात एक वाक्य चार ओळी चालतं. तिला वाचनाची मोठ्या अक्षरातली कॉपी काढून द्या, पेन्सिल घ्या, जिथं श्वास घ्यायचा तिथं तिरकी रेघ, अवघड नावाचे तुकडे पाडा, थेस्स, लनी, का, करांस. कन्नड अक्षरात लिहून घेतलं तरी काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला लिपी दिसत नाही. एकदा रिकाम्या चर्चमध्ये माईकवर वाचू दे, माईक तिच्या उंचीला खाली करा (हे कोणीच करत नाही, पोरगी टाचा उंच करून वाचते आणि आपण म्हणतो आवाज येत नाही).

परत सुरुवात करताना वाचन नको, प्रतिसाद स्तोत्र द्यायला सांगा. दर कडव्यानंतर सगळे लोक उत्तर देतात तेवढ्यात तिला दम घ्यायला मिळतो, चूक झाली तरी पुढच्या कडव्याला सावरता येतं. आणि ती हसणारी पोरं? पुढच्या महिन्याची वाचनं त्यांनाच द्यायला सांगा फादरना.

सासूबाईंना वाद न घालता एवढंच सांगा की मुलींनी वेदीसेवा (मिस्सात वेदीपाशी फादरना मदत) करायला रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, 1994 मध्येच मोकळीक दिलीय, आपल्या धर्मप्रांतात ते चालू करायचं की नाही हे बिशपनी ठरवायचं आणि बिशपनी हो म्हटलं तरी एखाद्या फादरवर सक्ती नाही. म्हणजे तो हक्क म्हणून भांडून मागायचा विषय नाही, पण मनाई पण नाही. बायका वाचन तर त्याच्या कितीतरी आधीपासून करतायत, आणि 2021 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी चर्चच्या कायद्याचं कलमच बदलून वाचक आणि वेदीसेवक ही दोन्ही अधिकृत पदं बायकांना खुली केली.

प्रश्न: मी 20 वर्षांचा आहे, बेळगावात राहतो. आमच्या यूथ ग्रुपला फक्त खुर्च्या मांडायला, मंडप बांधायला आणि फेस्ताला (चर्चच्या सणाला) गाड्या लावायला बोलावतात. चर्चच्या कौन्सिलच्या मीटिंगला कोण विचारत नाही. पोरं कंटाळून गेली. आम्ही पण सोडू काय?
– एक तरुण वाचक

उत्तर: सोडू नको रे. खुर्च्या उचलणं वाईट नाही, फक्त तेवढंच नको, हे तुझं बरोबर आहे. ख्रिस्तराजाच्या रविवारी, जो आता धर्मप्रांतात युवा दिन म्हणून पाळतात, सगळं तुमच्याकडून करून घ्यायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून परत मांडव, ह्याला काय अर्थ आहे. चर्चच्या कायद्यात सोळा पूर्ण झालेला मुलगा बाप्तिस्म्याला गॉडफादर होऊ शकतो, बाकी अटी बसत असतील तर. म्हणजे एका बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी चालते आणि नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचा हिशोब चालत नाही!

तर गोठाच मागा. खर्च, सामान, पावत्या सगळं तुमच्याकडे, आणि जानेवारीत पैशापैशाचा हिशोब वहीत लिहून कौन्सिलपुढे ठेवा. पॅरिश कौन्सिल फक्त सल्ला देते, अंतिम शब्द फादरचाच, त्यामुळे तिथं जागा मिळाली की सगळं बदलेल असं समजू नको. पण आपलं मत पाळकांना कळवायचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला आहे, कलम 212, तेव्हा तोंडी कुरकुर नको, कौन्सिलसाठी दोघांची नावं लेखी द्या. दोघं म्हणतेय कारण एकटा पोरगा पंधरा काकांमध्ये बसला की गप्प बसतो. आणि एक मुलगी असू दे त्यात.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे आणि ऑल्टर सर्व्हर (वेदीसेवक) आहे. एसएसएलसी (दहावीची बोर्ड परीक्षा) आणि होली वीक (ईस्टरच्या आधीचा आठवडा) जवळजवळ येतात. त्यात मागे एकदा उपाशी उभा राहून चक्कर येऊन पडला. थांबवू का?
– एक बाबा

उत्तर: थांबवायची गरज नाही, कमी करा. परीक्षा होईपर्यंत फक्त रविवारची एक मिस्सा, प्रॅक्टिसला सुट्टी, आणि यादी करणाऱ्याला जानेवारीतच सांगून ठेवा, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नको. ईस्टरची तारीख 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्ये कुठंही येते, तेव्हा दरवर्षी कॅलेंडर बघूनच ठरवा. उपाशी राहायचं तर अजिबात कारण नाही, कम्युनियनच्या (मिस्सात पवित्र भाकरी घेतात त्याच्या) आधी एक तास खायचं नाही एवढाच नियम आहे, पाणी आणि औषध तर त्यात धरतच नाहीत. सातच्या मिस्साला सहाला दूध-बिस्किट देऊन पाठवा, कम्युनियन येईपर्यंत तास उलटलेला असतो.