मागून घेतलेल्या अंगठीचा प्रयोग : एका चुकीचा अनुभव

आपण लिहिले आहे की बहिणीच्या हळदीत मागून घेतलेल्या अंगठीचा जादूचा प्रयोग करायचा आहे, पण घरच्या सरावात मावशींनी अंगठी परत घेताना ती दिव्यासमोर धरून दोन-तीनदा फिरवून पाहिली आणि "ही माझीच ना रे?" असे विचारले, तेव्हापासून हात कापतो. ते वाक्य वाचून मला २०१६ सालचा एक साखरपुडा आठवला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. हाताची सफाई कशी कमवावी हे येथे सांगत नाही; ती आपल्याकडे असणारच.

सोलापुरातील एका मंगल कार्यालयात मी तीन पाहुण्यांच्या अंगठ्या एकमेकींत गुंतवण्याचा प्रयोग केला. हा प्रयोग अमेरिकी जादूगार रिचर्ड हिंबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंगठीवर चालतो आणि त्यासाठी जादूगाराजवळ स्वतःची एक अंगठी असावी लागते, एवढे सांगणे पुरे आहे. प्रयोग उत्तम झाला. अंगठ्या परत दिल्यावर मात्र मुलाच्या काकांनी आपली अंगठी ट्यूबलाइटखाली धरली आणि करंगळीचे नख एका बारीक भोकात घालून दाखवले. पाच खड्यांपैकी एक खडा नव्हता. कोणीतरी मला खिसे दाखवायला सांगितले आणि खिशातून माझी सोन्याचे पाणी दिलेली अंगठी निघाली. ती प्रयोगाची आहे, हे प्रयोगाचे मर्म न फोडता सांगता येत नव्हते, आणि मी गप्प राहिलो त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी ज्या सराफी पेढीतून ती अंगठी घेतली होती तेथे आम्ही दोघे गेलो. काचेच्या झाकणाच्या काट्यावर वजन झाले, पण पावतीशिवाय जुन्या नोंदीतले वजन सांगणार नाही आणि खडा कधी पडला असेल याविषयी एक ओळही लिहून देणार नाही, असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. कोंदणाची घडी घासलेली होती आणि भोकात जुना मळ होता, हे भिंगातून पाहणाऱ्या कारागिराला दिसत असणारच. एक वाक्य बोलायला त्याचे काही जात नव्हते. याचा राग मला आजही आहे. आठ दिवसांनी छायाचित्रकाराकडून फोटो आले. प्रयोगापूर्वी काढलेल्या एका फोटोत काकांच्या बोटावर ते रिकामे भोक स्पष्ट दिसत होते. काका स्वतः घरी येऊन माफी मागून गेले, परंतु ते आठ दिवस माझ्या आईने कसे काढले हे मी विसरू शकत नाही.

चूक माझीच होती. अंगठी हातात घेतल्यावर मी ती नीट पाहिली नाही आणि मालकालाही पाहायला लावली नाही. आता मी खड्याची अंगठी घेतच नाही, मग तो हिरा असो की गुरुवारी विधीपूर्वक घातलेला पुष्कराज. पुष्कराज तर बोटातून काढायलाच माणसे कचरतात, त्यांना भीड घालू नये. साधे वेढे मागावे, मालकाकडूनच दोन्ही बाजूंनी त्याचा फोटो काढून घ्यावा आणि आतला हॉलमार्क मोठ्याने वाचायला सांगावे. अलीकडच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो व तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, त्यामुळे "बदलली" हा संशय जागेवरच मिटतो. बावीस कॅरेट, म्हणजे ९१६ शिक्क्याचे सोने मऊ असते. ते किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, चरे पडतात. उन्हाळ्यात बोटे सुजून अंगठी अडकली तर ओढू नका, दुसरी मागा.

माझे मत कोणाला टोकाचे वाटेल, आणि रंगमंचावर काम करणारे अनुभवी लोक वेगळे सांगतीलही, पण घरगुती समारंभात मागून घेतलेले सोने नजरेआड करणारा प्रयोग करूच नये. रबरावर चढणारी अंगठी करा. तुटलेल्या रबराचा बराचसा भाग मुठीत दडवून थोडाच भाग ताणायचा, अंगठी मुठीजवळच्या खालच्या टोकाशी ठेवायची आणि मुठीतले रबर हळूहळू सोडायचे. ताणलेला भाग आखडतो आणि अंगठी उतारावर वर चढताना दिसते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रबर चिकट होते व घामाने ते बोटांतून एकदम निसटते, म्हणून नवे रबर डबीत ठेवावे आणि हात कोरडे करून घ्यावेत. हळदीच्या तेलकट हातांनी हा प्रयोग साधत नाही, तेव्हा तो हळद लागण्यापूर्वीच करा. रबराचे वरचे टोक मावशींच्याच चिमटीत द्या, म्हणजे अंगठी एक क्षणही नजरेआड न होता त्यांच्याच हाताकडे चढत जाईल.