जुन्या रेकॉर्ड्स ऐकायला सुरुवात करताय?
अभिनंदन, आणि लगेच एक विनंती: सुरुवातीलाच ढीगभर रेकॉर्ड्स घेऊ नका. चार-पाच घ्या, त्याही ज्यातली गाणी आधीपासून आवडतात अशाच. दुर्मिळ वगैरे नंतर.

खर्च करायचाच तर सुईवर करा. झिजलेली सुई नुसता आवाज बिघडवत नाही, तबकडीच्या खाचाच खरवडते, आणि ती रेकॉर्ड मग कायमची गेली. टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, तबकडीवर पडणारं वजन कार्ट्रिजसोबतच्या (सुई बसवलेला छोटा भाग) कागदावर दिलेलं असतं, तेवढंच ठेवा. बहुतेकदा २ ग्रॅमच्या आसपास. सुई उडते म्हणून वर नाणं ठेवायचा जुना जुगाड अजिबात नको.

नवख्यांच्या हमखास चुका:
- ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) लाखेची जुनी तबकडी एलपीच्या, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डच्या, सुईने वाजवणं. तिची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते. आणि ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.
- रेकॉर्ड्स आडव्या रचणं. उभ्याच ठेवा, नाहीतर वाकतात.

विकत घेताना तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. केसासारखे बारीक ओरखडे बरेचदा ऐकूही येत नाहीत. बोटाला जाणवला तर मात्र सरळ परत ठेवून द्या, विकणारा काहीही म्हणो.

अलाइनमेंटच्या, म्हणजे कार्ट्रिज नेमकं कोणत्या कोनात बसवायचं याच्या, वादात सध्या पडूच नका. तुमच्याकडे कोणतं मशीन आहे ते सांगा, मग सुईचं बघू.