आपले प्रश्न : ते मैदान आखलं कोणी?

प्रश्न : पुतण्यानं मोबाइलवर गोल्फचा सामना दाखवला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचं समुद्राकाठचं जुनं मैदान होतं. एकाच हिरवळीवर दोन-दोन झेंडे, मधेच वाळूचे खोल खड्डे. हे कोणत्या इंजिनिअरनं आखलं? आणि एवढी जमीन पडीक का ठेवली?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, ती जमीन पिकतच नाही. समुद्रानं टाकलेली वाळू अन् वर बारीक गवत. आपल्या ई-क्लाससारखी, म्हणजे गायरानासारखी, ती गावाची. मेंढरं तिथंच चरत, लोक तिथंच खेळत. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपला त्या जमिनीवर ससे पाळायचे होते, तेव्हा गावाचा चराईचा आणि खेळण्याचा हक्क त्याला लेखी मान्य करावा लागला.

इंजिनिअर कोणीच नव्हता. गार वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढरं उंचवट्यामागं बसत, गवत झिजे, वाळू उघडी पडे आणि वारा ती कोरत नेई, असं तिथले लोक सांगतात. मला ते पटतं. लहानपणी आमच्या वावरात धनगर मेंढरं बसवायचे. सकाळी कळप उठला की धुऱ्याच्या आडोशाला परातीएवढे खळगे दिसत. गवताचं मूळही शिल्लक नसे. तिथं आज असे शंभरावर खड्डे आहेत, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू मारायला सुरुवात करायच्या जागेपासून भोकापर्यंतच्या टप्प्याला होल म्हणतात; चौदाव्या होलवरच्या एका बंकरचं नावच ‘नरक’.

झेंड्यांचं म्हणाल, तर झेंडा ही चेंडू घालायच्या भोकाची खूण, आणि तिथं जमिनीचा पट्टा अरुंद. जाताना आणि येताना खेळाडू तीच भोकं वापरत. गर्दी वाढली, तशा एकोणिसाव्या शतकात भोकांभोवतीच्या हिरवळी रुंद करून त्यांत दोन-दोन भोकं पाडली. अशा जोडहिरवळी सात, आणि दोन्ही भोकांच्या क्रमांकांची बेरीज दरवेळी १८ : दुसरं-सोळावं, तिसरं-पंधरावं. पूर्वी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ साली काही आखूड होल एकत्र करून १८ केले. आज जगभर तोच आकडा चालतो.

ही जमीन एकदा हातची जाणार होती. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं ती सोडून दिली आणि ससेवाल्यांनी तिथं ससे सोडले. सशांनी सगळं उकरलं. गावकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदारानं ती विकत घेऊन खेळासाठी राखली. आमच्या गावचा ई-क्लास अर्धा नांगराखाली गेला, गुरांना आखरावरून हलायला जागा उरली नाही, आणि आम्ही कोणी अर्जसुद्धा केला नाही. म्हणून हे एवढं लिहिलं.

पोरगी तिकडे नोकरीला होती, तेव्हा एका रविवारी मी ते मैदान पायी फिरलो. रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरतात. शेवटच्या होलवर ओढ्यावर छोटा दगडी पूल आहे. सगळे जिंकणारे तिथं फोटो काढतात. पुतण्याला तो दाखवा आणि सांगा, तो मेंढरं पलीकडं न्यायला बांधला होता.