मंडळीत कोणतेही पद नसताना आध्यात्मिक नेतृत्व करता येते का?

आपला प्रश्न असा आहे : ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीवर निवड झालेली नाही, उपदेशाचे प्रशिक्षण नाही, रविवारी खुर्च्या मांडणे आणि दानार्पणाची थैली फिरवणे एवढेच वाट्याला येते, अशा माणसाच्या हातून मंडळीचे आध्यात्मिक नेतृत्व घडू शकते का? माझे उत्तर होकारार्थी आहे. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मराठी मंडळीचा सभासद असल्यामुळे माझी उदाहरणे मुख्यतः तिथलीच आहेत.

या प्रश्नाचा विचार करताना मला बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय नेहमी आठवतो. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोजचे अन्नवाटप होत असे आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा प्रमुख शिष्यांनी, सर्वांना एकत्र बोलावून सात माणसे निवडण्यास सांगितले. यावरील उपदेशांत बहुधा असे ऐकायला मिळते की, प्रेषितांनी मोठे काम स्वतःकडे ठेवले आणि पंक्तीला वाढण्याचे लहान काम इतरांना दिले. मला हा अर्थ पटत नाही, कारण त्या वाढप्यांसाठी घातलेल्या अटी पाहिल्या तर ते लोकांत नाव चांगले असलेले, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे असावेत, असे म्हटले आहे. शिवाय त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली गेली. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. स्तेफनापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती मंडळीने वाटपाचा कारभार दिला. या सातांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी प्राण देणारा, झाला आणि फिलिप शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला.

म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे नम्र सेवेचा आरंभ, पंक्तीत कोणाचे पान रिकामे राहिले आहे, हे पाहण्यापासून होतो. त्या मंडळीत ग्रीक बोलणारे आणि इब्री बोलणारे असे दोन गट होते, तसे आपल्या मंडळ्यांतही ग्रीक आणि इब्री आहेत. जुनी मिशनची घराणी आणि नंतर आलेली कुटुंबे, शहरातील नोकरदार आणि खेड्यातून ऊसतोडीला जाणारे, वधूवर पाहताना अजूनही विचारली जाणारी पूर्वीची जात. नाताळात कॅरोल मंडळ कोणत्या गल्लीत शिरत नाही, कोणाच्या घरी प्रार्थनासभा ठेवली जात नाही, याची नोंद ठेवणारा आणि पुढच्या वेळी तिथे स्वतः जाणारा माणूस कमिटीवर नसला तरी मंडळीची दिशा बदलतो.

आपल्या भागात पदाविना नेतृत्व करण्याची गरज तशीही रोजचीच आहे. एका पाळकसाहेबांकडे अनेकदा दोन-चार गावे असतात. ते एका गावी प्रभुभोजन देत असतात तेव्हा दुसऱ्या गावी उपासना कोणीतरी सभासदच चालवतो. लिहिता-वाचता न येणारी एखादी आजी दुःखाच्या घरी नारायण वामन टिळकांचे भजन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोंडपाठ उचलते आणि बाकीचे तिच्यामागे गातात, तेव्हा त्या घरातील उपासना तीच चालवत असते. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या चालीवर लिहिले. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही उपासना पुढे नेता आली, हे त्यांचे ऋण काव्याच्या पलीकडचे आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही इथे लागू पडते. कोलकात्याच्या पंडितांनी गौरवलेली ही विदुषी 1896-97च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेली आणि तिथून निराधार मुली व विधवांना घेऊन आली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे : केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आश्रयाला आलेल्या स्त्रियाच विणकाम, शेती आणि छापखाना चालवू लागल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला मराठी बायबलचा अनुवाद तिथल्याच छापखान्यात छापला गेला. आश्रित म्हणून आलेल्यांना त्यांनी आश्रितच राहू दिले नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही जण निवडणुकीच्या वर्षात अचानक खुर्च्या उचलू लागतात. योहानाच्या तिसऱ्या पत्रात अग्रस्थानाची हौस असलेला दियत्रफेस आहे, त्याचे वंशज प्रत्येक मंडळीत भेटतात, आणि मतमोजणीनंतर खुर्च्या पुन्हा जुन्याच हातांनी उचलल्या जातात. दुसरे म्हणजे, नम्रतेच्या नावाखाली हिशोबाबद्दल गप्प बसणे हा सद्गुण नव्हे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की, गोळा झालेल्या दानाबाबत कोणी दोष लावू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेले इतर बंधूही पाठवले आहेत. आपल्या हाती थैली आहे, तर ती दोघांनी मिळून मोजावी, त्याच दिवशी वहीत नोंद व्हावी आणि खाली दोघांच्या सह्या असाव्यात, एवढा आग्रह आपण शांतपणे धरू शकता. कापणीच्या सणाला आलेली ज्वारी आणि कोंबड्या लिलावात गेल्यावर त्या पैशाचेही तसेच.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तो योहानाचा तेरावा अध्याय अशा वेळी हमखास वाचला जातो. काही मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या गुरुवारी तो विधी करतात; निवडलेली माणसे आदल्या रात्रीच पाय घासून येतात, हे पाहून मला हसू येते. त्या अध्यायात प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले गेले होते. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्या सभासदाच्या आजारपणात दवाखान्यात रात्री थांबणे मला त्या विधीपेक्षा कठीण वाटते.

आपण कुठून सुरुवात करावी, असेही विचारले आहे. पाळकसाहेबांशी आधी बोलून, जे कित्येक महिन्यांत उपासनेला दिसले नाहीत किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे येऊ शकत नाहीत, त्यांची यादी मागून घ्यावी. भेटीला एकट्याने जाऊ नये; तरुण संघातील किंवा शब्बाथ शाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, शिकवणाऱ्यांपैकी कोणाला तरी बरोबर न्यावे. वर्गणी, निवडणूक आणि कोर्टातील जमिनीचे दावे हे विषय तिथे काढू नयेत. एखादे गीत म्हणावे, लहानसा शास्त्रभाग वाचावा आणि जास्त वेळ ऐकण्यात घालवावा. काही भेटींनंतर प्रार्थना त्या तरुणाला करू द्यावी, आणि त्याला ते जमू लागले की यादी त्याच्याकडे देऊन आपण दुसरे काम हाती घ्यावे.